फुटपाथपासून उंबरठ्यापर्यंत

(बी. ए., द्वितीय वर्ष)

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आहेत, असे आपण शाळेत असल्यापासून पाठ करीत आलो आहोत. परीक्षेत हा प्रश्न आला की तिन्ही नावे लिहून आपण पूर्ण गुण मिळवतो. परंतु या तीन गरजांपैकी तिसरीकडे समाजाने नेहमीच थोडे मागून पाहिले आहे. भुकेल्याला भाकरी द्यावी असे सर्वांना वाटते. थंडीत कुडकुडणाऱ्याला जुनी चादर देणारेही पुष्कळ भेटतात. पण ज्याला राहायला जागा नाही त्याला जागा द्यावी, असे कोणी सहसा म्हणत नाही. भाकरी आणि चादर देऊन मोकळे होता येते. जागा दिली की माणूस तिथे राहतो, आपला शेजारी होतो. बहुधा हेच आपल्याला जड जात असावे.

प्रस्तुत लेखात बेघर माणसांविषयी सहानुभूतीचे चार शब्द लिहावेत एवढाच हेतू नाही. रस्त्यावर झोपणारा माणूस स्वतःच्या दाराला आतून कडी लावून झोपू लागतो, तो प्रवास नेमका कसा होतो, त्यात कोणकोणत्या पायऱ्या असतात आणि त्या कोण बांधते, हे माझ्या अल्पमतीप्रमाणे समजून घेण्याचा व सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

बेघर कोणाला म्हणावे?

प्रथम व्याख्या पाहू. आपल्या जनगणनेच्या दृष्टीने जे लोक इमारतीत किंवा घर म्हणून नोंदलेल्या जागेत राहत नाहीत, ते बेघर. उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, मांडवात किंवा रेल्वेच्या फलाटावर जे राहतात, ते सर्व यात आले. झोपडपट्टीत राहणारा माणूस या व्याख्येप्रमाणे बेघर ठरत नाही; त्याच्याकडे कच्चे का होईना, घर आहे. तेव्हा झोपडी हीसुद्धा ज्यांना परवडत नाही अशांची ही गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवावे.

२०११ च्या जनगणनेत अशा लोकांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्रीत झाली. त्या रात्री भारतात सुमारे १७ लाख ७३ हजार लोक बेघर आढळले. त्यांपैकी सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत होते. महाराष्ट्राचा आकडा दोन लाखांहून अधिक होता. या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते हे आकडे कमीच मानतात, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. ज्याला दार नाही त्याचे दार ठोठावता येत नाही. बेघर माणूस रात्री उशिरा पथारी टाकतो आणि उजाडण्यापूर्वी ती गुंडाळतो. पोलीस आले तर त्याला जागा बदलावी लागते. एकट्या बाया तर मुद्दाम दिसणार नाहीत अशा जागी झोपतात. एका रात्रीत त्यांना शोधून काढणे हे सोपे काम नव्हे.

माणूस रस्त्यावर का येतो?

रस्त्यावर झोपणारा म्हणजे आळशी, व्यसनी किंवा भिकारी, असा आपला एक सोयीस्कर समज असतो. वस्तुतः यांतील बहुसंख्य माणसे कष्टकरी असतात. हातगाडी ओढणारे, हमाल, लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिवे घेणाऱ्या बाया, हॉटेलात भांडी घासणारे, कचरा वेचणारे, बांधकामावरचे मजूर ही सगळी माणसे शहराला रोज लागतात. पण त्यांनी रात्री कुठे झोपावे याचा विचार शहराने केलेला नसतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला याचे एक मोठे कारण वेगळे सांगणे न लगे. ते म्हणजे दुष्काळ. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपले आजोबा अजून सांगतात. माझ्या पिढीने २०१२-१३ चा दुष्काळ पाहिला. त्या वर्षी जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जळाल्या आणि भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावाहून माझे वडील आम्हा सर्वांना घेऊन या शहरात आले. ते गवंड्याच्या हाताखाली काम करू लागले. दीड वर्ष आम्ही बांधकामावरच राहिलो. ज्या इमारतीचे काम चाले तिच्या तळमजल्यावर, खिडक्या बसण्याआधी, पोती लावून आडोसा केलेला असे. भिंतींना गिलावा होऊन फरशा बसल्या की आम्हाला तिथून निघावे लागे आणि पुढच्या इमारतीच्या पायाजवळ पुन्हा पोती लावावी लागत. जनगणनेच्या कागदावर आम्ही बेघर ठरलो असतो की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण घर असणे आणि नसणे यांच्या मधे बरीच रुंद पट्टी असते, आणि तिच्यावर आपल्या शहरातली हजारो माणसे उभी आहेत, एवढे मला त्या दीड वर्षाने शिकवले. हाताचे काम गेले, घरात आजारपण आले, नवऱ्याने टाकले, म्हातारपणी मुलांनी सांभाळले नाही, यांपैकी एकही धक्का त्या पट्टीवरच्या माणसाला रस्त्यावर आणायला पुरेसा होतो.

याच पट्टीवरची माणसे ८ मे २०२० रोजी पहाटे आपल्या जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेखाली गेली. टाळेबंदीत काम थांबल्यावर जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. थकून ते रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण मरण पावले. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. ही माणसे रुळांवर का झोपली, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. झोपण्यासाठी त्यांना वाटेत दुसरी कोणती जागा होती, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. काम होते तोवर त्यांचा मुक्कामही होता. काम थांबताच तोही उरला नाही.

धर्मशाळेची परंपरा

निवारा देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. आपल्याच शहरातली पाणचक्की घ्या. सहलीला आलेली मुले तिथे पाण्याचा झोत आणि माशांचा हौद पाहून जातात. परंतु बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची ही चक्की उभी राहिली ती पीठ दळण्यासाठी. डोंगराकडून नहरीने आलेल्या पाण्यावर जाते फिरे, आणि त्या पिठाच्या भाकरी तिथे उतरणाऱ्या फकिरांना, वाटसरूंना व अनाथांना मिळत. ज्यांच्या नावातच ‘मुसाफिर’ आहे त्यांच्या दारी मुसाफिरांची सोय व्हावी, हे उचितच म्हटले पाहिजे.

महाराष्ट्रात या कामाला खरे सामाजिक रूप दिले ते संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६). पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरातली त्यांची चोखामेळा धर्मशाळा तर ज्यांना इतर धर्मशाळांची दारे बंद होती अशा अस्पृश्य वारकऱ्यांसाठी होती. पुढे १९४९ मध्ये ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. याच संस्थेने १९५० मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर तिथे घडला. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न व तहानेल्याला पाणी यांच्या जोडीने बेघरांना आसरा देण्याचाही समावेश आहे.

परंतु धर्मशाळेची एक मर्यादा आहे. ती वाटसरूसाठी असते, आणि वाटसरूला शेवटी जायला स्वतःचे घर असते. ज्याला परतण्यासाठी घरच नाही, त्याला तीन दिवसांची धर्मशाळा पुरत नाही. इथून पुढचा प्रश्न दानधर्माच्या कक्षेतून निघून हक्काच्या कक्षेत येतो.

प्रश्न न्यायालयात जातो

१९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुंबईतल्या पदपथांवरील व झोपड्यांतील लोकांना हटवण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. त्याविरुद्ध ऑल्गा टेलिस या पत्रकार महिला आणि काही पदपथवासी न्यायालयात गेले. त्या अर्जदारांत आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, संगमनेरचा एक माणूस होता. गावी चांभारकाम करून तो दिवसाला सात-आठ रुपये मिळवी. गावातले घर पडले आणि १९६९ मध्ये तो मुंबईस आला. तिथे त्याला ३५० रुपये महिन्याची बदली कामगाराची नोकरी मिळाली. तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळवण्यासाठी त्याने तिथल्या दादाला ३०० रुपये मोजले आणि बांबू व प्लॅस्टिकसाठी ७०० रुपये खर्चले. म्हणजे रस्त्यावर राहण्यासाठीही या माणसाला जवळजवळ तीन महिन्यांचा पगार द्यावा लागला! पदपथावरची माणसे फुकट राहतात असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क समाविष्ट आहे, असे न्यायालयाने मान्य केले. माणूस कामाजवळच राहतो. त्याला तिथून उठवणे म्हणजे त्याचे काम काढून घेणे, हा विचार त्यामागे होता. परंतु पदपथावर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. रीतसर सूचना देऊन लोकांना हटवता येईल, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबावे, असे सांगितले. तत्त्व मोठे मिळाले, पण डोक्यावर छप्पर त्या निकालाने मिळाले नाही.

पुढचा महत्त्वाचा टप्पा २०१० चा. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे चालूच होती. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत तात्पुरता निवारा पाडला गेल्याची बाब त्या याचिकेत न्यायालयापुढे आली. तेव्हा दिल्लीसाठी आणि मागोमाग इतर मोठ्या शहरांसाठी न्यायालयाने आदेश दिले. एक लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर आणि चोवीस तास उघडा असा निवारा असावा, हा दंडक त्यातून आला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ हा घटक घालून केंद्र सरकारने त्याला योजनेचे रूप दिले. त्या अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली.

हा दंडक आपल्या शहराला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ११ लाख ७५ हजार होती. म्हणजे त्या वेळच्या लोकसंख्येसाठीसुद्धा सुमारे बारा निवारे लागतात. त्यानंतर वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक पट्ट्यांकडे माणसे येतच राहिली आहेत. तेव्हा आजचा हिशेब बाराच्या पुढेच जाणार, हे उघड आहे.

निवारा चालतो कसा?

त्या योजनेची मार्गदर्शक तत्त्वे वाचताना मला एक गोष्ट विशेष वाटली. निवारा म्हणजे चार भिंती आणि एक कुलूप अशी कल्पना त्यांत नाही. प्रत्येक माणसामागे किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, स्वच्छतागृह, वीज, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवण्यासाठी कपाट असावे, असे त्यांत सांगितले आहे. निवारा कामाच्या ठिकाणांजवळ असावा: स्थानक, बाजार, मोंढा यांच्या आसपास. बाया, वृद्ध, आजारी आणि सबंध कुटुंब यांची वेगळी व्यवस्था हवी. चालवण्याचे काम स्वयंसेवी संस्था, बचतगट किंवा वस्तीसंघ यांच्याकडे देता येते आणि देखरेखीसाठी एक समिती असते.

यांतली प्रत्येक अट कोणाच्या तरी अनुभवातून आलेली आहे. कपाटाचेच पाहा. रस्त्यावरच्या माणसाची सर्वात मोठी चिंता आपली पिशवी चोरीला जाण्याची असते. ती सांभाळण्यासाठी तो कामाला जाऊ शकत नाही, किंवा कामाला गेला तर पिशवी गमावतो. पिशवीत कागद असतात. कागद गेले की सगळेच गेले. चोवीस तासांच्या अटीचेही तसेच आहे. फक्त रात्रीचा निवारा सकाळी सहाला माणसाला बाहेर काढतो. रात्रपाळीचा पहारेकरी, बाळंत बाई किंवा तापाने फणफणलेला म्हातारा यांनी मग दिवसा कुठे जावे? आणि निवारा गावाबाहेर बांधला तर तो ओस पडतो. मग ‘आम्ही बांधला, पण लोकच येत नाहीत’ असे म्हणायला आपण मोकळे होतो. हमालाला पहाटे चारला मोंढ्यात पोचायचे असते; सात किलोमीटरवरचा पलंग त्याच्या काय उपयोगाचा?

निवाऱ्यात जाण्याला काही जण नाखूष असतात, हेही खरे आहे. नवरा एकीकडे आणि बायको-मुले दुसरीकडे, अशी ताटातूट त्यांना नको असते. काहींना मागचा वाईट अनुभव असतो. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९ याच्या व्याख्येत उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेसुद्धा भीक मागण्यातच धरलेले आहे. दिल्लीत लागू असलेल्या या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये रद्द केली. ज्याने आयुष्यभर सरकारी गाडी म्हणजे धरपकड एवढेच पाहिले आहे, तो ‘चला, तुम्हाला निवाऱ्यात नेतो’ म्हणणाऱ्या गाडीवर एकदम विश्वास कसा ठेवील? म्हणून या कामात पहिली पायरी ओळखीची असते. कार्यकर्ता रोज रात्री त्याच पदपथावर जातो, बोलतो, नाव विचारतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेतो. कधी कधी महिनोन्‌महिने असे गेल्यावर माणूस उठून बरोबर येतो.

कागदाचा पूल

निवाऱ्यात आल्यावरची दुसरी पायरी कागदांची आहे. पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही, शिधापत्रिका नाही म्हणून धान्य नाही, ओळखपत्र नाही म्हणून बँकेत खाते नाही, खाते नाही म्हणून निवृत्तिवेतन नाही. या साखळीची एक कडी सोडवली की पुढच्या सैल होत जातात. निवाऱ्याचा पत्ता आणि तिथल्या व्यवस्थापकाचा दाखला ही ती पहिली कडी ठरते.

या बाबतीत मतदार यादीचा नियम मला फार आवडला. बेघर माणसाने मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी अर्ज केला, तर त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागितला जात नाही. तो जिथे झोपतो असे सांगतो तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री जाऊन पाहतो. माणूस तिथे खरोखर झोपलेला आढळला, की नोंद करता येते. कागदाने माणूस सिद्ध करण्याऐवजी माणसाने जागा सिद्ध करावी, असा हा नियम आहे. असाच विचार इतर खात्यांनीही केला तर किती प्रश्न सुटतील!

आमच्या घराचेच सांगते. बांधकामावरून निघून आम्ही एका वस्तीत पत्र्याची खोली भाड्याने घेतली. भाडे वडिलांच्या मजुरीतून भागत होते. पण खोलीच्या डिपॉझिटसाठी आईच्या कानातले विकावे लागले. घरमालकाने भाडेकरार करून देण्यास नकार दिला. त्यामुळे आम्ही घरात होतो, पण पत्त्यावर नव्हतो. एका शाळेने पत्त्याच्या पुराव्याशिवाय नाव घालायला टाळाटाळ केली आणि माझे अर्धे वर्ष गेले. वयाचा दाखला नाही एवढ्यासाठी मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे, हे मला महाविद्यालयात आल्यावर समजले. माझ्या आईवडिलांना ते तेव्हा कोणी सांगितले नव्हते. हक्क पुस्तकात असतो. तो माणसापर्यंत नेणारे कोणीतरी लागते. निवाऱ्यातला कार्यकर्ता नेमके हेच काम करतो.

निवाऱ्यातून घराकडे

आता सर्वात अवघड पायरी. निवारा हा मुक्काम आहे. त्यापुढचे घर कसे मिळते?

शहरात घर मिळण्याच्या मार्गांत पहिली अडचण जागेची. २०१५ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत घर बांधणाऱ्या लाभार्थ्याला केंद्राकडून दीड लाख व राज्याकडून एक लाख, असे अनुदान महाराष्ट्रात होते. पण ते ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे त्याला. तयार सदनिका घ्यायची तर स्वतःचा हिस्सा भरावा लागतो आणि बँकेचे कर्ज लागते. ज्याचे सगळे सामान एका पिशवीत मावते त्याला या दोन्ही वाटा बंदच असतात. अशा माणसासाठी परवडणारी भाड्याची खोली हेच पहिले खरे घर होऊ शकते. टाळेबंदीतले मजुरांचे हाल पाहिल्यावर जुलै २०२० मध्ये केंद्राने स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा वेगळा घटक ठेवला आहे. विचार योग्य दिशेने चालला आहे, असे यावरून म्हणता येईल.

आपले शहर या बाबतीत अगदी कोरे नाही. १९७० च्या दशकात सिडकोने इथे नवी वसाहत वसवायला घेतली तेव्हा अल्प उत्पन्न गटासाठी लहान लहान घरेही बांधली. त्या घरांत आलेल्या कामगारांची मुले आज शिक्षक, कारकून, अभियंते झालेली आपण पाहतो. एकदा पाय ठेवायला जागा मिळाली, की पुढचे मजले कुटुंब स्वतः चढवते.

परंतु सरकारने घर द्यावे आणि माणसाने ते घ्यावे एवढ्यावर हे काम भागत नाही, याचे मोठे उदाहरण मुंबईत भायखळ्याला घडले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने १९८५ मध्ये तिथल्या पदपथांवरील सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. ‘आम्ही, अदृश्य माणसे’ अशा अर्थाचे नाव तिच्या अहवालाला होते. पदपथावरची माणसे कालपरवा आलेली नसून वर्षानुवर्षे तिथे राहत आहेत आणि कामावर पायी जाता यावे म्हणून राहत आहेत, असे त्यातून दिसले. १९८६ मध्ये त्याच पदपथांवरच्या बायांचे ‘महिला मिलन’ उभे राहिले. नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही जोकिन अर्पुथम यांची संघटना त्यांच्याबरोबर होती. या बायांनी रोजच्या कमाईतून रुपया-दोन रुपये बाजूला काढून घरासाठी बचत सुरू केली. आपले घर कसे असावे हे त्यांनी स्वतः ठरवले आणि बांबू व कापड वापरून खऱ्या मापाचे नमुने उभे केले. खोली लहान असली तरी चौदा फूट उंच असावी, म्हणजे वर माळा काढून मुलांना झोपवता येईल, ही युक्ती त्यांचीच. कोणत्या अभियंत्याला हे सुचले असते? पुढे मानखुर्दला ‘मिलन नगर’ ही सहकारी वसाहत उभी राहिली आणि पदपथावरची कुटुंबे तिथे राहायला गेली. पहिल्या बचतीपासून किल्ली हातात येईपर्यंत सुमारे दोन दशके गेली. इतका काळ त्या एकत्र टिकल्या, यातच त्यांचे यश आहे, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण भटक्या-विमुक्तांचे. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये ज्यांची त्यातून सुटका झाली, त्या जमातींची पाले आजही गावाबाहेर दिसतात. त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना काढली. वीस कुटुंबांची एक वसाहत, प्रत्येक कुटुंबास ५ गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचे घर, अशी तिची मूळ कल्पना आहे. एकेकट्या कुटुंबाला अनोळखी गावात टाकण्यापेक्षा वीस कुटुंबांना एकत्र वसवावे, म्हणजे ती टिकतील, हा त्यातला शहाणपणा आहे.

परदेशातही या प्रश्नावर बराच विचार झाला आहे. माणूस आधी व्यसनमुक्त व्हावा, काम मिळवावे, मग त्याला घर द्यावे, अशी तिकडची जुनी पद्धत होती. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ही उतरंड उलटी केली: आधी घर, मग बाकीचे. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केले आणि जुन्या रात्रनिवाऱ्यांचे रूपांतर भाड्याच्या छोट्या घरांत केले. त्या देशात बेघरांची संख्या पुष्कळ घटली. आपली लोकसंख्या आणि आपली तिजोरी वेगळी आहे, हे मान्य. तरी त्यामागचा तर्क आपल्यालाही लागू पडतो. ज्याची रात्र सुरक्षित नाही, तो दिवसा सुधारणार कसा?

मनाने हरवलेली माणसे

रस्त्यावरच्या काही माणसांना घर असते, पण त्यांना ते आठवत नाही. अशा मनोरुग्णांसाठी डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने १९८८ मध्ये श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केले. कर्जतच्या केंद्रात उपचार झाल्यावर रुग्ण हळूहळू आपले गाव, भाषा, नाव सांगू लागतो आणि मग कार्यकर्ते त्याला थेट घरी पोचवतात. या कामासाठी डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जवळ डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांची माऊली संस्था रस्त्यावरच्या निराधार, मनोरुग्ण महिलांना सांभाळते. ज्यांना परत घ्यायला घरचे तयार नसतात, त्यांच्यासाठी ती संस्थाच घर होते. तेव्हा सर्वांना एकच औषध लागू पडत नाही. एकाला फक्त डिपॉझिटची रक्कम हवी असते, दुसऱ्याला उपचार, तिसरीला जन्मभराची सोबत.

आपण काय करू शकतो?

मित्रहो, हा सगळा प्रपंच वाचून ‘हे सरकारचे काम आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. ते सरकारचे काम आहेच. परंतु आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. आपण दरवर्षी खेड्यात शिबिर घेतो, रस्ता करतो, झाडे लावतो. एक शिबिर आपल्याच शहरात, रात्री, का घेऊ नये? रेल्वे स्थानक, मध्यवर्ती बसस्थानक, घाटी रुग्णालयाचा परिसर, शहागंज, क्रांती चौक अशा भागांत रात्री किती माणसे उघड्यावर झोपतात, त्यांना काय हवे आहे, कोणाकडे कोणता कागद नाही, याची नोंद प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली आपण करू शकतो. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक अधिसूचित झाला आहे. कोणत्या कोपऱ्यात कोण झोपते हे ज्यांना ठाऊक आहे, अशी वीस-पंचवीस मुले-मुली शहरात तयार असतील, तर त्या मोजणीला केवढी मदत होईल!

यापेक्षा लहान कामेही आहेत. एका म्हातारीचा निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून देणे, एका मजुराचे बँकेत खाते उघडून देणे, एका मुलाला शाळेत घालताना सोबत जाणे. यासाठी पैसे लागत नाहीत. लिहिता-वाचता येणे लागते, आणि ते आपल्याजवळ आहे. आमच्या घरात फॉर्म भरता येणारी पहिली व्यक्ती मी आहे. आता वस्तीतल्या शेजारणी आपापली कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून संध्याकाळी आमच्या खोलीवर येतात. त्यांतल्या निम्म्या कागदांवर पत्त्याची ओळ अजून कोरी आहे. ती भरायची आहे.